मदत हवी आहे: अ‍ॅपवरून लावलेला कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो

मंडळी, नमस्कार.

ऑफिसात आयपी-पीबीएक्स (नेटवर्कवर चालणारं ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) आहे, टेबलावरचे फोन त्यावरच चालतात. मीटिंग, चॅट आणि कॉल एकाच अ‍ॅपमध्ये हवेत म्हणून आता क्लाउडवरचं युनिफाइड कम्युनिकेशन्स सॉफ्टवेअर घेतलंय. दोघांच्या मध्ये एसबीसी (दोन फोन नेटवर्कांच्या सीमेवर कॉल सांभाळणारा नाका), तोही क्लाउडवर. पीबीएक्स मात्र ऑफिसच्या फायरवॉलमागे, खाजगी आयपी पत्त्यावर. जुने नंबर आणि एक्स्टेन्शन तसेच ठेवायचेत, त्यामुळे "पीबीएक्सच काढून टाका" हा सल्ला कृपया नको.

टेबलाच्या फोनवरून अ‍ॅपला कॉल लावला तर तो नीट चालतो. उलट्या दिशेने, म्हणजे अ‍ॅपवरून एक्स्टेन्शनला लावला, की रिंग जाते, समोरचा उचलतो, आवाज दोन्हीकडून स्वच्छ येतो आणि ३२ सेकंदांनी कट. दरवेळी तेवढेच. लाइन खराब असती तर कधी लवकर, कधी उशिरा तुटली असती ना?

दोन्ही टोकांना कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी.७११ ए-लॉच आहे. पीबीएक्सच्या लॉगमध्ये '२०० ओके' (कॉल उचलल्याचा संदेश) पुन्हा पुन्हा जाताना दिसतं आणि शेवटी पीबीएक्स स्वतःच 'बाय' (कॉल संपवण्याचा संदेश) पाठवतो. सपोर्टवाले "तुमचं इंटरनेट तपासा" यापलीकडे जात नाहीत.

आणखी एक: टेबलाच्या फोनवर बोलणं चालू असताना अ‍ॅपमध्ये तो माणूस 'उपलब्ध'च दिसतो. तिथे 'व्यस्त' दाखवणं जमतं का?

प्रतिसाद १
आधी आरटीपी (आवाजाची पॅकेट नेणारा प्रोटोकॉल) टाइमआउट बघा. बरेच पीबीएक्स काही सेकंद ऑडिओ पॅकेट आलं नाही तर कॉल तोडतात. फायरवॉलवर आरटीपीचे पोर्ट पूर्ण उघडे आहेत का?

प्रतिसाद २
आवाज दोन्हीकडून येतोय म्हटल्यावर आरटीपीला सोडून द्या. ३२ हा आकडाच उत्तर सांगतोय. एसआयपीच्या (कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) मुख्य मानकात, आरएफसी ३२६१ मध्ये, टी१ हा टायमर ५०० मिलिसेकंदांचा धरलाय, आणि '२०० ओके'ला 'अ‍ॅक' (पोच) मिळाला नाही तर टी१च्या ६४ पट वेळ वाट पाहून कॉल सोडायचा असतो. म्हणजे ३२ सेकंद.

मग 'अ‍ॅक' जातो कुठे? एसबीसी तो '२०० ओके'मधल्या कॉन्टॅक्ट हेडरच्या (पुढचे संदेश कुठे पाठवायचे ते सांगणाऱ्या ओळीच्या) पत्त्यावर पाठवतो. तिथे तुमच्या पीबीएक्सने स्वतःचा १९२.१६८ वाला पत्ता लिहिला असणार, जो क्लाउडवरून कुणालाच सापडत नाही. ऑडिओ चालतो, कारण बहुतेक एसबीसी पॅकेट जिथून आलं तिथेच परत पाठवतात. सिग्नलिंगला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांना) ती सवलत सहसा नसते.

एक खात्री करा: टेबलाच्या फोनवरून अ‍ॅपला लावा आणि अ‍ॅपवरून ठेवा. टेबलाचा फोन चालूच राहतो का?

धागाकर्ता
हो! तो चालूच राहतो. ती वेगळीच भानगड समजून मी इथे लिहिलंच नव्हतं.

प्रतिसाद २
मग रोग एकच. 'बाय'सुद्धा त्याच पत्त्यावर जाऊन हरवतोय. पीबीएक्सच्या नॅट (आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या) सेटिंगमध्ये बाहेरचा सार्वजनिक पत्ता सिग्नलिंग आणि मीडिया दोन्हींसाठी भरा आणि आतलं नेटवर्क 'लोकल' म्हणून दाखवा. फायरवॉलवर एसआयपी एएलजी असेल तर बंद करा. ते मदतीच्या नावाखाली हेडर बदलतं, आणि मग लॉगमध्ये एक नि तारेवर दुसरंच.

प्रेझेन्सचं ('उपलब्ध' की 'व्यस्त' दिसण्याचं) म्हणाल तर एसआयपी ट्रंक (पीबीएक्स आणि एसबीसीमधली जोडणी) कॉल नेतो, माणसाची स्थिती नाही. त्यासाठी तुमच्या पीबीएक्सचा वेगळा कनेक्टर मिळतो का बघा. नाहीतर सगळे कॉल अ‍ॅपच्या बाजूनेच फिरवावे लागतील.

धागाकर्ता
पत्ता भरला, एएलजी बंद केलं. दोन्ही दिशांचे कॉल टिकतायत आणि ठेवले की लगेच बंदही होतात. मनापासून आभार! कनेक्टरची चौकशी करतो.

प्रतिसाद २
छान. एक लांब कॉलही तपासा, किमान अर्धा तास. सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे ना हे तपासणारा) सहसा १८०० सेकंदांचा असतो आणि निम्म्या वेळेला, म्हणजे पंधराव्या मिनिटाला, ताजा केला जातो. तिथे तुटला तर ट्रेस (संदेशांची नोंद) इथे टाका, फोन नंबर आणि सार्वजनिक पत्ते झाकून. आणि एसआयपीचा ५०६० पोर्ट फक्त एसबीसीच्या पत्त्यांपुरता उघडा ठेवा. सगळ्यांना मोकळा सोडला तर कुणीतरी रातोरात तुमच्या खात्यावर परदेशी कॉल लावत बसेल.