मदत हवी आहे: एसबार फॉर्म भरूनही हँडओव्हरमध्ये कामं सुटतात

१२ खाटांचा वॉर्ड, तीन शिफ्ट. हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंट सोपवणं, एसबार पद्धतीच्या छापील फॉर्मवर होतो. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस हे चारही रकाने भरलेले असतात. तरी ४० मिनिटं जातात आणि यायचे रिपोर्ट, अर्धवट राहिलेली कामं नेमकी तीच सुटतात. फॉर्म बदलावा की पद्धत?

प्रतिसाद १
दोन्ही. एसबार मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरचा. रात्री डॉक्टरांना फोन लावून एका पेशंटबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर उत्तम. अख्खा वॉर्ड सोपवताना मात्र 'उरलेलं काम' आणि 'असं झालं तर काय' हे दोन्ही शिफारशीच्या रकान्यात कोंबावं लागतं. आय-पास या हँडओव्हरच्या दुसऱ्या पद्धतीत त्यांना वेगळी जागा आहे: आजाराची तीव्रता, थोडक्यात माहिती, कामांची यादी, संभाव्य धोके, आणि शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगणं. २०१४ च्या ९ रुग्णालयांतल्या अभ्यासात याने वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. अर्थात तो निवासी डॉक्टरांवरचा होता, नर्सिंगवरचा नव्हे.

"पोटॅशियम पाठवलंय" हे काम नाही, बातमी आहे. असं लिहा: "६ वाजता पाठवलं. ८ वाजेपर्यंत रिपोर्ट नाही आला तर लॅबला फोन. पोटॅशियम ६ च्या वर आलं तर लगेच ईसीजी, आणि डॉक्टरांना कळवा." मर्यादेचा आकडा डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवायचा.

प्रतिसाद २
सिरिंजमधून थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या पंपाचं तोंडी सांगणं बंद करा. "नॉरॲड ६ वर आहे" यातून नॉरॲड्रेनालिनचा (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा) डोस कळतच नाही. ५० मिलीत ४ मिग्रॅ असेल तर ताशी ६ मिली म्हणजे मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम; ८ मिग्रॅ असेल तर १६. आकडा तोच, डोस दुप्पट. दोघांनी खाटेपाशी उभं राहून सिरिंजचं लेबल वाचायचं, नळी बोटाने शिरेपर्यंत माग काढत न्यायची आणि उरलेलं औषध बघायचं. ९ मिली उरलं असेल तर ते दीड तासात संपणार. पुढची सिरिंज कोण भरणार हे तिथेच ठरवा.

मूळ प्रश्नकर्ता
आय-पास करून बघतो. पण परत सांगायला लावलं तर ४० ची ६० मिनिटं नाही होणार?

प्रतिसाद १
सगळ्यांचं सगळं परत सांगायचं नाही. खाट १ ते १२ असा क्रम सोडा, गंभीर पेशंट आधी घ्या. शेवटच्या खाटांपर्यंत लक्ष उडालेलं असतं. स्थिर पेशंटची फक्त बाकी कामं परत म्हणायची. वेळ खरा जातो तो चार्टमध्ये आहेच ते वाचून दाखवण्यात. दाखल झाल्यापासूनचा इतिहास, नॉर्मल रिपोर्ट, सगळं गाळा. आणि ड्युटी संपवून जाणाऱ्या शिफ्टमधली एक व्यक्ती घंटा, फोन बघायला बाहेर ठेवा.

प्रतिसाद २
खाटेपाशी नातेवाईक असतील तर नवं निदान किंवा संसर्गाचे रिपोर्ट तिथे बोलू नका, ते आधी काउंटरवर उरकून घ्या.