लग्नाच्या जुन्या टेपा टीव्हीवर बघायच्या आहेत: पेटी घ्यावी की फायलीच बदलाव्यात?

महालचा_जावई
राजेहो, सल्ला पाहिजे. आमचं लग्न २००४ सालचं, नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात. चुलतसासऱ्यांकडे तेव्हा मिनी-डीव्ही (छोट्या डिजिटल टेपचा) कॅमेरा होता. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत त्यांनी ११ टेपा भरल्या. मागच्या महिन्यात सगळ्या संगणकावर उतरवून घेतल्या. तासाभराच्या टेपची साधारण १३ जीबीची एव्हीआय फाइल झाली. डिस्क टीव्हीच्या यूएसबीत लावली तर नावं दिसतात, पण उघडायला गेलं की "हा प्रकार चालत नाही". टीव्ही ४३ इंची, स्मार्ट आहे, पण सहा वर्षं जुना.
पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे. सासूबाईंना दाखवायचं आहे. वय ७९, आणि दोनपेक्षा जास्त बटणं दाबायची त्यांची तयारी नाही. पाच हजारांत टीव्हीला जोडायची कोणती पेटी (टीव्ही बॉक्स) घेऊ?

बर्डीवाला
अँड्रॉइड टीव्हीची पेटी घ्या, जास्त डोकं लावू नका. टीव्हीतला प्लेअर घरजावयासारखा असतो, नेमून दिलंय तेवढंच करतो (तुम्हाला नाही म्हटलं हो). तुमच्या फायलींतला डीव्ही कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) त्याला उलगडता येत नाही, एवढीच भानगड आहे. पेटीत व्हीएलसी नाहीतर कोडी ही व्हिडिओ प्लेअरची ॲप टाका. दोन्ही फुकट आहेत आणि मिळेल ते वाजवतात. ७२० बाय ५७६ चं चित्र आहे, त्याला ताकद अशी किती लागते?
फक्त स्टिक (टीव्हीच्या मागं खोचायची कांडी) घेऊ नका. तिला डिस्क लावायची म्हणजे आधी ओटीजी केबल शोधा, आणि आतली जागा तर ॲपांनीच भरून जाते. यूएसबीची दोन भोकं आणि लॅनचं एक असलेली पेटी बघा.

कूलर_खस
पेटीवाल्यांची ही जुनी खोड आहे. दुखतंय फाइलला आणि औषध टीव्हीला पाजून राहिले. जावईबापू, हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात घालून एच.२६४ (सगळीकडे चालणारा कोडेक) ची एमपी४ करा. १३ जीबीचे दोन-अडीच जीबी होतील आणि चालेल तुमच्याच टीव्हीवर, पोट्ट्यांच्या मोबाइलवर, भाच्याच्या लॅपटॉपवर, सगळीकडे. पेटी चालेल फक्त तुमच्या दिवाणखान्यात. तीन वर्षांनी तिचे अपडेट बंद पडले की पुन्हा इथंच येऊन धागा काढाल.

बर्डीवाला
आणि क्वालिटीचं काय? डीव्हीवरून एमपी४ करताना काहीतरी जातंच. एकदाच झालेलं लग्न आहे भाऊ.

कूलर_खस
मूळ फाइल पुसा असं मी कुठं म्हटलं? मूळ दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा, एक डिस्क दुसऱ्याच्या घरी. बघायला एमपी४. लोणच्याची बरणी आपण काही पंगतीत नेऊन ठेवत नाही, वाटीत काढून नेतो.
आणि क्वालिटीची गोष्ट तुम्हीच काढली म्हणून सांगतो. आपल्याकडचा मिनी-डीव्ही सेकंदाला २५ चित्रं घेतो, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत. आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. जुन्या डबा टीव्हीवर हे खपून जायचं. आताच्या एलईडीवर कोणी हात हलवला की बोटांच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. वरातीत नाचणाऱ्यांचं काय होत असेल ते बघाच. पेटीतलं ॲप हे दरवेळी नीट मिटवेल याची खात्री नाही. हँडब्रेकमध्ये डी-इंटरलेस (हे दोन अर्धे नीट जुळवणं) चालू करून सेकंदाला ५० चित्रांवर फाइल काढली की काम एकदाच आणि कायमचं होतं.

तर्रीबाज
मी आपली फजिती सांगतो. दोन वर्षांआधी एका दुकानातून स्वस्तातली पेटी उचलली. खोक्यावर "८के" छापलेलं. घरी नेटफ्लिक्स लावलं तर चित्र असं की पोह्यांवर तर्री सांडली. दुकानदार म्हणे, तुमचं नेट हळू आहे. नेट कशाला हळू असेल! नंतर कळलं की त्या पेटीला वाइडवाइनची (चोरी रोखणाऱ्या गुगलच्या कुलपाची) एल१ पातळीच नाही. ती नसली की नेटफ्लिक्सवाले एचडी सोडतच नाहीत, खोक्यावर काही का छापेना. पेटी घेणारच असाल तर गुगलचं प्रमाणपत्र असलेली अँड्रॉइड टीव्ही घ्या. मोबाइलचं अँड्रॉइड टीव्हीवर ताणून बसवलेलं नको.
अजून एक. २०२३ मध्ये टी९५ नावानं विकल्या जाणाऱ्या पेट्यांत आधीपासूनच व्हायरस भरलेला सापडला होता. घरच्या वायफायवर असला पाहुणा कोण बसवणार?

रास्पबेरी_भक्त
रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक घ्या, त्यावर लिब्रेईलेक ही फुकट सिस्टिम टाका. कोडीच आहे, जाहिराती नाहीत, बाकीचा कचरा नाही, आणि मालक तुम्ही स्वतः.

तर्रीबाज
आणि वाढदिवसाच्या दिवशी एसडी कार्ड रुसलं तर मालक सोफ्याखाली टॉर्च घेऊन.

धंतोलीची_काकू
सगळे कोडेक-कोडेक करून राहिले. सासूबाईंचा रिमोट कोणी वाचला का? माझी आई ८१ वर्षांची. आमच्याकडे पेटी आली त्या दिवसापासून टेबलावर दोन रिमोट. ती पेटीच्या रिमोटनं आवाज वाढवायची, टीव्ही ढिम्म. मग टीव्हीच्या रिमोटवर चुकून सोर्स दाबला जायचा, पडदा निळा, आणि मला ऑफिसात फोन. शेवटी सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (केबलमधून एकमेकांना हुकूम पोचवायची सोय) चालू केलं, आता एकाच रिमोटवर दोन्ही चालतात. आमच्या टीव्हीत त्याचं नाव कंपनीनं भलतंच काहीतरी ठेवलंय, त्यामुळे ते सापडायलाच आठ दिवस गेले.
दुसरं, डिस्कचं. यूएसबी २ च्या भोकातून ५०० मिलिॲम्पियर मिळतात. फिरती डिस्क तेवढ्यात कधी सुरू होते, कधी नुसती टकटक करत बसते. पेटी असो की टीव्ही, हे दोन्हीकडे. आणि पेटी टीव्हीच्या मागं भिंतीला चिकटवू नका. आपल्या मे महिन्यात बंद खोलीत ती तापते आणि चित्र अडखळायला लागतं. तिला कूलरचा वारा लागेल अशी ठेवा, पण कूलरच्या पाण्याचे थेंब नकोत!

बर्डीवाला
काकू, सीईसी लावलं की झालं ना मग? म्हणजे पेटी चालते.

धंतोलीची_काकू
चालते. पण तोवर आठ दिवस मी चालले.

महालचा_जावई
काल करून पाहिलं. शेजारच्या पोराची पेटी तासाभरासाठी मागून आणली. आधी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर एक टेप घ्यायला गेलो, तर संगणक म्हणे फाइल फार मोठी. पेनड्राइव्ह रिकामा! पोरगं हसलं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये होता, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. मोठ्या फायली चालणाऱ्या एक्सफॅट प्रकारात करून घेतला.
मग पेटीवर व्हीएलसीत सातवी टेप लावली. लागली! बर्डीवाल्याचं खरं निघालं. पण सासूबाई अक्षता टाकताना हात हलवतात तिथं कूलर_खस म्हणतात तसे कंगव्याचे दात. पोरानं व्हीएलसीत डी-इंटरलेस लावून दिलं, बरंच सुधारलं. मात्र सासूबाईंना ते सेटिंग सांगायचं कोणी?
रात्री तीच टेप हँडब्रेकमधून काढली. माझ्या जुन्या लॅपटॉपला तासाच्या टेपला दोन तास लागले. सकाळी टीव्हीच्या यूएसबीत लावली. टीव्हीचाच रिमोट, ओके दाबलं आणि सुरू. फक्त सगळं वऱ्हाड जाडं दिसून राहिलं. मामेसासरे तर दारात मावेनात.

कूलर_खस
टेप ४:३ ची आहे, टीव्ही १६:९ चा, आणि तुमचा टीव्ही चित्र ताणतोय. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये "ओरिजिनल" करा. मग डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. झूम करू नका, नाहीतर वर मुंडावळ्या कापल्या जातील आणि खाली पाट.

बर्डीवाला
म्हणजे जिंकले कूलर. बरं. पण ११ टेपांचे २२ तास लॅपटॉप तापवल्यावर सासूबाई म्हणतील, आता यूट्यूबवर कीर्तन लाव. टीव्ही सहा वर्षांचा, त्याचं यूट्यूब आताच सुस्त असणार. तेव्हा पेटी घ्यालच.

महालचा_जावई
यूट्यूब सुस्त आहे, हे खरं. पण ते दिवाळीनंतर बघू. आज आठवी टेप लावून झोपतो. बायको म्हणते, आधी वरातीची कर, त्यात तिचा भाऊ घोड्यावरून पडला होता.