'गमो' पाहिला. टबमधला तो मुलगा डोक्यातून जात नाहीये

अंगणातली_जाई
मंडळी, परवा रात्री लेकाला झोपवून दिग्दर्शक हार्मनी कोरीनचा 'गमो' (1997) हा सिनेमा पाहिला. दोनदा बंद केला, दोनदा परत लावला. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

गोष्ट अशी नाहीच. ओहायोतलं झीनिया, टॉर्नेडोत उद्ध्वस्त झालेलं गाव. दोन पोरं मांजरं मारून विकतात आणि त्या पैशांत ग्लू आणून हुंगतात. सशाचे गुलाबी कान घातलेला एक मुलगा थंडीत उघडाबंब फिरत असतो. स्वयंपाकघरात जमलेली माणसं दारूच्या नशेत चक्क एका खुर्चीशी कुस्ती खेळतात.

मी अडकलेय ती त्या दोन पोरांतल्या सॉलोमनच्या आंघोळीपाशी. टबातलं पाणी गढूळ, काळपट. आई त्याच्या डोक्याला शाम्पू चोळतेय आणि तो त्याच वेळी समोरच्या ट्रेमधली स्पॅगेटी ओरपतोय, वर दूध पितोय. चॉकलेट पाण्यात पडतं, ते उचलून तो तसंच तोंडात घालतो. मागच्या भिंतीवर बेकनची एक पट्टी टेपने चिकटवलेली.

तेव्हा मला भडभडून आलं. दुसऱ्या दिवशी लेकाला न्हाऊ घालताना त्याच्या कानामागचा फेस काढत होते आणि हात थांबलाच. ती बाईही हेच करत होती की! पोराचं डोकं स्वच्छ व्हावं, पोटात चार घास जावेत. मग मला किळस कशाची आली, पाण्याची की त्यांच्या गरिबीची? कोरीनला ती माया दाखवायची होती, का माझी किळसच हवी होती? ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपया सांगा.

ओहायोकर
ताई, मी डेटनजवळ राहतो. झीनिया इथून अर्ध्या तासावर. सिनेमात दिसतं ते झीनिया नाही. शूटिंग टेनेसीत, नॅशव्हिलला झालंय, कोरीन वाढला त्या शहरात.

खरं झीनिया वेगळं आहे. 3 एप्रिल 1974 ला दुपारी साडेचारनंतर एफ-5, म्हणजे सगळ्यात तीव्र श्रेणीचा, टॉर्नेडो गावातून गेला. तीसहून जास्त माणसं गेली, हजारावर जखमी झाली, जवळजवळ निम्मं गाव मोडलं. शाळा सुटली होती, पण हायस्कूलमध्ये काही मुलं नाटकाची तालीम करत होती. एकीला बाहेर टॉर्नेडो दिसला, सगळी पळत कॉरिडॉरमध्ये जाऊन आडवी झाली. नंतर बघतात तर ज्या स्टेजवर उभी होती, तिथे स्कूलबस येऊन पडलेली.

मुलं वाचली. लोकांनी गाव पुन्हा उभं केलं. आज आजूबाजूचे सायकलचे लांबलांबचे रस्ते झीनियात येऊन मिळतात, उन्हाळ्यात आम्ही सायकली घेऊन तिथे जातो. म्हणून त्या नावावर हा सगळा कचरा ओतलेला बघून मला राग येतो. गाव काल्पनिक घ्यायचं होतं.

रीळ_तिसरं
नावाचा मुद्दा पटला. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. त्यातली काही घरं खरी, राहती होती. एका घरात इतकी घाण आणि झुरळं होती, की युनिटमधल्या लोकांनी संरक्षक सूट मागितले. दिवसभर काम करायला ज्यांना सूट लागतो, ते संध्याकाळी हॉटेलवर जातात. घरातली पोरं तिथेच झोपतात. हे कळल्यापासून मला या सिनेमाला 'कविता' वगैरे म्हणवत नाही. झां-इव्ह एस्कोफिएचा कॅमेरा सुंदर आहे, हे मान्य करूनही.

जाई, तुम्हाला जी माया दिसली ती त्या दोन नटांची आहे. आईचं काम करणारी लिंडा मान्झ मोठी अभिनेत्री होती. तिचं श्रेय दिग्दर्शकाला देऊ नका.

अंगणातली_जाई
ओहायोकरदादा, तालमीची हकीकत वाचून अंगावर काटा आला. हे काहीच माहीत नव्हतं मला. सुरुवातीला टॉर्नेडोबद्दल बोलतात तेही सिनेमासाठी रचलेलं असेल, असंच समजत होते.

रीळ, सूटचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा राग रास्त आहे. तरी श्रेय पूर्ण काढून घ्यायला मन तयार होत नाही. तळघरातला प्रसंग आठवा. काटेचमचे बांधून केलेली वजनं घेऊन सॉलोमन आरशासमोर व्यायाम करतोय. आई त्याच्या बापाचे टॅप डान्सचे बूट घालून येते आणि नाचायला लागते. पोरगं हसत नाही म्हणून खेळण्यातलं पिस्तूल त्याच्या डोक्याला लावते: हस म्हणून. ते बघताना मला भीती वाटली आणि त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. हसायला लावायला तिच्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही, हे कॅमेऱ्याला कळलंय. किळसच हवी असती तर तो तिच्या नाचापाशी इतका वेळ थांबला नसता.

तेवढा तुकडा आज रात्री पुन्हा बघणार आहे. टबचा इतक्यात नाही.