नव्या गॅस शॉकअपमधून तेल, विक्रेता म्हणतो "खारी हवा". वॉरंटी मिळेल का?

किनारा_०८:
रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० बाइकला ऑनलाइन मागवलेले मागचे गॅस शॉकअप लावलेत. वॉरंटी वर्षाची, झाले चार महिने. डाव्या रॉडवर तेल दिसतंय. विक्रेता व्हॉट्सॲपवर एकच पालुपद लावतो : समुद्राकाठी असंच होतं, हे वॉरंटीत बसत नाही. गाडी रत्नागिरीतच असते. भांडायचं तर कशाच्या जोरावर?

जांभा_घाट:
आधी खरंच गळतंय का ते ठरवा. स्प्रिंगच्या वेढ्यांतून फडक्याची पट्टी घालून रॉड पुसा, थोडी गाडी फिरवा, मग टॉर्च मारून बघा. पुसट ओलसर थर चालतो, सील (रॉडभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) रॉडला तेवढं तेल लावतंच. त्यावर धूळ बसून काळी कडा धरते, तीही चालते. तेल ओघळून खाली आलं तर सील गेलं.

मग खराट्याचा हीर रॉडवर वरखाली ओढा. अडकला तर क्रोमला गंजाचे खड्डे पडलेत आणि तेच सील कापतायत. तसं असेल तर विक्रेता अगदीच खोटं बोलत नाही. (पण चार महिन्यांत खड्डे? मग क्रोमच्या दर्जाबद्दल त्यालाच विचारा.) हीर सरळ गेला आणि तरी ओघळ आहे, तर हवेच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही. फोटो काढून ठेवा. शॉकअप मात्र उघडू नका, उघडायलाही देऊ नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, शिवाय वॉरंटी जायला निमित्त मिळतं.

तिरका_बोल्ट:
एकाच बाजूचं गळतंय म्हणजे फिटिंग बघायलाच हवं. बुश (शॉकअपच्या टोकाच्या भोकातली, बोल्ट जातो ती नळी) अरुंद निघाला की मेकॅनिक वॉशर भरून जागा भरतात. ते चुकीच्या बाजूला गेले की शॉकअप तिरका उभा राहतो, रॉड सीलच्या एकाच कडेवर घासतो आणि सील बदललं तरी पुन्हा गळतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाकाखाली फळी सरकवून शॉकअपवरचा भार काढा, डावा खालचा बोल्ट सोडा. शॉकअपचा डोळा (टोकाचं बोल्टचं भोक) हाताने सहज बसायला हवा. ओढून-ठोकून बसत असेल तर दोष तिथेच आहे. शॉकअप परत पाठवायचा झाला तर तोवर कंपनीचे जुने लावा, पण जोडीने. एक जुना एक नवा असं चालवू नका.

पावती_जपा:
व्हॉट्सॲपवरचा वाद सोडा, ईमेल करा. बिल, शॉकअपवरचा सिरियल नंबर, गळतीचे आणि रॉडचे फोटो जोडा, आणि वॉरंटी कुठल्या अटीखाली नाकारताय ते लेखी मागा. "समुद्राकाठी चालत नाही" असं वॉरंटी कार्डावर छापलेलं नसेल तर ते आता तोंडी जोडता येत नाही. तक्रार वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही टाका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण त्यांच्यावर बंधनकारक आहे. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीतच, दावा लावता येतो. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

तिरका_बोल्ट:
एक राहिलं. वॉशर खोक्यातूनच आले होते की मेकॅनिकने घातले, ते ईमेल करण्याआधी बघा. खोक्यातले असतील आणि बोल्टवर नीट बसत नसतील तर त्यांचाही फोटो जोडा. मेकॅनिकने स्वतःचे भरले असतील तर विक्रेता तेच पकडणार.