बाबांसाठी फ्लूची लस आणि ऐनवेळी दवाखान्यात नेण्याची तयारी : माहिती हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आणि जुना दमा आहे. गेल्या श्रावणात तीन दिवसांच्या तापानंतर रात्री दोनच्या सुमारास त्यांना धाप लागली, ऑक्सिमीटरवर ८९ हा आकडा दिसला आणि आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना घेऊन निघालो. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न अगदी साधे होते : रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? "सकाळी एक छोटी पांढरी गोळी घेतात," यापलीकडे मला काही सांगता आले नाही. फाइल घरी कपाटात होती. भाऊ ती घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला.

तपासणीत इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच, निघाला. त्यावरचे ऑसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोग होतो, असे तेव्हा कळले. आम्ही ते दिवस काढा आणि तापाच्या गोळीवर काढले होते, याची रुखरुख अजून जात नाही.

आता दाराजवळ एक पिशवी कायम भरून ठेवली आहे. तिच्यात औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद, शेवटचे रिपोर्ट, आधार आणि विम्याच्या कार्डाची प्रत आहे. औषध बदलले की कागदावर तारीख घालून मी तो नव्याने लिहिते. यात काय राहिले आहे? आणि लसीबद्दल विचारायचे म्हणजे, आमचे डॉक्टर मे महिन्यातच घ्या म्हणतात, तर नातेवाईक फ्लू थंडीचा असल्याने दिवाळीनंतर घ्या म्हणतात. न्यूमोनियाची लस सोबत घेता येते का?

प्रतिसाद : ताई, मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. आपल्याकडे फ्लू साधारणपणे दोनदा वाढतो, जानेवारी ते मार्चमध्ये आणि पावसाळ्यात. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. म्हणून खोक्यावरचे वर्ष, गोलार्ध आणि मुदत पाहूनच लस घ्या. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, कधी एखाद-दोन दिवस कसकस वाटते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते, आणि बाबांच्या बाबतीत तेच महत्त्वाचे आहे.

न्यूमोनियाची लस न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची, म्हणजे वेगळी आहे. डॉक्टरांनी सांगितल्यास ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात देता येते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि टोचल्यावर ती जागा न चोळता काही मिनिटे दाबून धरा.

पिशवीत इनहेलर, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी), इन्सुलिन घेत असल्यास त्याची नोंद आणि फोनचा चार्जर ठेवा. औषधांच्या कागदाचा फोटो घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये असू द्या. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते : धाप लागलेल्या माणसाला गाडीत बसवण्याआधी १०८ला फोन करा. ती सेवा मोफत आहे आणि प्राणवायू वाटेतच सुरू होतो. पत्ता सांगताना जवळच्या ठळक खुणेचे नाव सांगायचे, हेही कागदावर लिहून ठेवा.

धागाकर्ती : मनापासून आभार. शनिवारची वेळ घेतली आहे. घरात पाच वर्षांचा भाचाही असतो, त्याने ही लस कधीच घेतलेली नाही. त्यालाही सोबत न्यावे का?

प्रतिसाद : जरूर न्या, मात्र त्याच्या बालरोगतज्ज्ञांना आधी विचारा. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदा लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, तेव्हा दुसरीची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.