गाळ्यावर बँकेची ताबा नोटीस: भाडेकरूला आधी कळायला नको का?

शाहूपुरीतला शिलाईवाला: भाड्याच्या गाळ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. दिवाळी पाडव्याला करार केला, दोन लाख डिपॉझिट दिलं. परवा गेलो तर शटरवर एका सहकारी बँकेची ताबा नोटीस चिकटवलेली. मालक म्हणाले, "ते माझं आणि बँकेचं आहे, तुम्ही भाडं देत राहा." नोटिशीत मागणी नोटिशीची (थकलेलं कर्ज भरा म्हणून बँक मालकाला आधी पाठवते ती) तारीख आहे, ती आमच्या कराराच्या दोन महिने आधीची! म्हणजे डिपॉझिट घेताना त्यांना सगळं माहीत होतं. जागा भाड्यानं देताना कर्ज आणि थकबाकी लिहून देणं मालकावर सक्तीचं हवं.

दुधाळीतला घरमालक: पटत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात माझा तळमजला दोनदा पाण्यात गेला. दुरुस्तीसाठी घर तारण ठेवलं, हप्ते वेळेवर भरतोय. भाडेकरूपुढं कर्जाची फाईल उघडायची म्हटली तर घर कोण घेईल? सिटी सर्व्हेच्या ऑफिसात प्रॉपर्टी कार्ड मिळतं, बोजा, म्हणजे जागेवरचं कर्ज, त्यावर बघायचा. दोन लाख देणाऱ्यानं एवढं करायला हवं होतं.

मंगळवार पेठ: भावा, घाबरू नकोस. सरफेसी कायदा, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण जागा ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा, सहकारी बँकेला लागूच होत नाही. भाडं थांबव.

कोर्टात रोज जाणारा: चुकीचा सल्ला. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 5 मे 2020 ला सांगितलंय की 2002 चा हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे. मागणी नोटीस आल्यावर कलम 13(13) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला तारण जागा भाडेपट्ट्यानं देता येत नाही. कलम 17(4-अ) खाली भाडेकरूला कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, पण नोटिशीनंतरचा भाडेपट्टा तिथं टिकणं अवघड. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाडेपट्टा नव्हे, नुसती वापराची परवानगी) असेल तर बाजू आणखी कमजोर. भाडं रोख देऊ नका, खात्यावर भरा. गाळा तुमच्याकडं आहे हे बँकेला लेखी कळवा. डिपॉझिट मात्र मालकाकडूनच वसूल करावं लागेल.

दुधाळीतला घरमालक: नोटीस लपवून गाळा दिला असेल तर त्या मालकाला सोडू नका. पण एकासाठी सगळ्यांवर सक्ती कशाला?

शाहूपुरीतला शिलाईवाला: दादा, कार्ड काल काढलं. त्यावर कर्ज दिसतं, हप्ते थकलेत हे कुठंच दिसत नाही. मागणी नोटीस मालकाच्या नावानं येते, ती मी कुठं बघणार होतो? तुमची फाईल मला नकोच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात, कलम 55 प्रमाणे, करार नोंदवायची जबाबदारी मालकाचीच आहे. त्याच करारात एक ओळ घाला: 'या जागेवर मागणी नोटीस आलेली नाही.' हप्ते भरणाऱ्याला ती लिहायला काय अडचण?

दुधाळीतला घरमालक: ती ओळ मी लिहून देईन. कायद्यानं लादायला मात्र माझा विरोधच.

शाहूपुरीतला शिलाईवाला: लग्नसराईचे चाळीस ब्लाऊज गाळ्यात आहेत. उद्या पहिल्यांदा बँकेत पत्र देऊन पोच घेतो.