ग्रीन कार्ड टिकवायला नवऱ्याची सही लागतेच का? घटस्फोट होतोय, सध्या पुण्यात आहे

दोन_बॅगा

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

डिसेंबर २०२२ मध्ये पुण्यात लग्न झालं, चांगलं चारशे पानांचं. नवरा मूळचा पुण्याचाच, पण लग्नाच्या आधीपासून अमेरिकेचा नागरिक. दीड वर्ष व्हिसाची वाट पाहण्यात गेलं, मग १८ जून २०२४ ला मी न्यू जर्सीत एडिसनला पोचले. माझ्या कार्डावर सीआर१ असं लिहिलंय आणि मुदत १८ जून २०२६ पर्यंतच आहे.

बाकीचं थोडक्यात. वर्षभर धुसफूस चालू होती. जुलैपासून एकाच घरात दोन खोल्यांत राहत होतो. ऑक्टोबरमध्ये तो मित्राकडे राहायला गेला, मी नोव्हेंबरच्या शेवटी दोन बॅगा भरून सहकारनगरला आईकडे आले. मारहाण वगैरे काही नाही, उगाच खोटं कशाला सांगू. नुसतं जमलं नाही.

तिथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी नोकरी आहे. मॅनेजरने फेब्रुवारीअखेरपर्यंत बिनपगारी रजा दिलीय. मला ती नोकरी आवडते. आई म्हणते, "नवराच नाही तर त्या कार्डाचं काय लोणचं घालायचंय?" रोज सकाळी चहाबरोबर हेच.

आता खरी अडचण. नवऱ्याचा मेसेज आलाय की कार्ड टिकवायला दोघांनी मिळून भरायच्या जॉइंट फॉर्मवर तो सही करेल, पण आधी मी लिहून द्यायचं की घटस्फोटात काहीही मागणार नाही. आणि इथल्या एका इमिग्रेशन सल्लागाराकडे गेले, त्याने तीन हजार रुपये घेऊन दहा मिनिटांत सांगितलं की घटस्फोट झाला की कार्ड आपोआप रद्द, आता व्हिजिटर व्हिसाचं बघा.

त्याच्या सहीशिवाय काही होतं का? घटस्फोट इथे घ्यावा की तिथे? आणि मी इथे अजून किती दिवस राहू शकते?

---

पर्वती७

सल्लागार बरोबरच बोलला. माझ्या मावसभावाच्या वेळी दोघांना एकत्र मुलाखतीला बोलावलं होतं. नवऱ्याच्या जिवावर मिळालेलं कार्ड नवऱ्याबरोबर जाणार. सही घ्या त्याची, काय लिहून द्यायचं ते द्या आणि मोकळ्या व्हा.

---

शनिवारातली

पर्वती, मावसभावाला नमस्कार सांगा, पण हिला खड्ड्यात घालू नका.

दोन बॅगा, अगं, काहीही लिहून देऊ नकोस. आणि ते तीन हजार गेले ते गेले, त्यावर विचार नको.

मी यातून गेलेय म्हणून सांगते. माझं डॅलसजवळचं प्रकरण, २०१७ चं कार्ड, तुझ्यासारखंच दोन वर्षांचं. आता नागरिक आहे, सध्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शनिवार पेठेत मुक्काम. वकील नाही, फक्त या फॉर्मबरोबर तीन वर्षं संसार केलाय. नवऱ्याबरोबरपेक्षा जास्त.

कार्ड दोन वर्षांचं का, ते आधी समजून घे. कार्डासाठी खोटी लग्नं लावायचे लोक, म्हणून १९८६ साली कायदा केला. ज्या दिवशी तुला रहिवासी म्हणून आत घेतलं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड अटीवर, तेच तुझं सीआर१. तुझं दीड वर्षच झालं होतं. सहा महिने उशिरा गेली असतीस तर आयआर१ मिळालं असतं, दहा वर्षांचं, आणि मग घटस्फोट झाला काय नि न झाला काय, तुला हा धागाच काढावा लागला नसता. दहा वर्षांच्या कार्डाचं नूतनीकरण करताना लग्नाबद्दल कुणी विचारत नाही.

अट काढायचा फॉर्म म्हणजे आय-७५१. फी १ एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर आहे. नवराबायको मिळून भरणार असतील तर मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत, म्हणजे तुझ्या बाबतीत २० मार्चपासून १८ जूनपर्यंत. पण त्याच फॉर्मवर दुसरा रस्ताही आहे, त्याला वेव्हर म्हणतात. 'लग्न खरं होतं, पण घटस्फोटाने संपलं' ही चौकट भरायची, एकटीनेच सही करायची. याला ९० दिवसांचं बंधन नाही, आधी भरता येतो, नंतरही भरता येतो. पण तू नंतरवर ठेवू नकोस. मुदत टळली की विमानतळावर आणि नोकरीच्या ठिकाणी दाखवायला हातात काही राहत नाही. फॉर्म पोचल्याची जी पावती येते तिच्यावर कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढल्याचं लिहिलेलं असतं. ती पावती म्हणजेच तुझं कार्ड, असं समजून सांभाळायची.

अडचण एवढीच की या रस्त्याला घटस्फोटाचा पक्का निकाल लागतो. नुसतं वेगळं राहणं चालत नाही. खटला चालू असताना अर्ज टाकला तर मागाहून पत्र पाठवून निकालपत्र मागवतात, आणि ते पत्रात दिलेल्या मुदतीत द्यावं लागतं. माझं उलटं झालं होतं. आम्ही २०१९ च्या सुरुवातीला जॉइंट फॉर्म भरला आणि ऑगस्टमध्ये नवरा घर सोडून गेला. डिसेंबरमध्ये निकाल हातात आल्यावर मी पत्र पाठवून कळवलं की आता हा माझ्या एकटीचा अर्ज समजा, सोबत निकालाची प्रत. नवा फॉर्म नाही, नवी फी नाही.

तुझा नवरा आत्ता सही करायला तयार आहे आणि कागदोपत्री तुम्ही अजून नवराबायको आहात, म्हणजे जॉइंट भरणं बेकायदा नाही. पण पत्ते दोन असतील तर दोनच लिहायचे. एकत्र राहतोय असं दाखवलंस तर खरं लग्न खोटं ठरवायला तूच कागद दिल्यासारखं होईल.

आता पुरावा. सगळा जीव इथे आहे. 'लग्न का मोडलं' यापेक्षा 'संसार होता का' हे ते बघतात. एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न, घराचा करार दोघांच्या नावाने, जॉइंट खातं आणि त्यातून खरंच खर्च झालेला दिसला पाहिजे, विम्यात एकमेकांची नावं. फोटो वीस-पंचवीस पुरेत, माणसं बदलती हवीत. माझ्या फायलीत सगळ्यात कामाला आलेला कागद कुठला माहितेय? दाताच्या डॉक्टरकडचा फॉर्म. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं या रकान्यात माझ्या हातचं त्याचं नाव, लग्नानंतर दोन महिन्यांनी लिहिलेलं. ऑफिसरबाईंनी त्याच्यावर बोट ठेवून तारीख वाचली.

आणि व्हॉट्सॅप. प्रेमाचे मेसेज कमीच होते आमचे. मी निवडले ते असे: 'येताना कढीपत्ता आण, दूध नासलंय.' 'गॅसवाला आला नाही.' 'तुझ्या आईचा फोन होता, तू उचल, मी नाही बोलणार.' मराठीतले, म्हणून प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं. नासलेल्या दुधाचं प्रमाणित भाषांतर अमेरिकन सरकारच्या दप्तरात कायमचं जमा आहे.

तू लिहिलंयस मारहाण नव्हती. बरं झालं. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तसं असेल तर त्याचं वेव्हर वेगळं आहे, त्याला घटस्फोट झालेलाच असावा लागत नाही.

राहायचं किती. नोव्हेंबरअखेर आलीस ना? मेअखेर सहा महिने होतात. त्याच्या आत परत जा. सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढे नागरिकत्वाच्या वेळी सलग राहिल्याचं सिद्ध करत बसावं लागतं, आणि वर्षाच्या वर गेलं तर नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत. मला विचारशील तर फेब्रुवारीतच जा, रजा संपायच्या आत. भाडेकरार, नोकरी, बँक, हे सगळं तिथे चालू दिसलं पाहिजे. विमानतळावर कुणी आय-४०७ पुढे केला तर सही करायची नाही, तो कार्ड सोडल्याचा कागद असतो. नवीन घरात गेलीस की दहा दिवसांत पत्ता कळव, नाहीतर पावती नवऱ्याच्या दारात जाऊन पडेल. नागरिकत्वाला नागरिक नवऱ्याबरोबर राहणाऱ्यांना तीन वर्षं, आता तुला पाच. म्हणजे जून २०२९, अर्ज ९० दिवस आधी टाकता येतो.

राहता राहिली नवऱ्याची अट. तो घाबरलाय आणि कशाला ते मला माहितेय. तुला बोलावताना त्याने आय-८६४ वर सही केलीय, तुझ्या पालनपोषणाची हमी. ती घटस्फोटाने संपत नाही. तू नागरिक झालीस, किंवा तुझ्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमल्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, किंवा कार्ड सोडून कायमची निघून गेलीस, तर सुटतो तो. त्याला आज कळलेलं दिसतंय. काय मागायचं, काय नाही, ते तिथल्या वकिलाला विचारून ठरव. व्हॉट्सॅपवर नको.

---

काळा_कोट

शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करतो. अमेरिकेचं बाईंनी सांगितलंय, मी फक्त इकडचं सांगतो.

ताई, लग्न पुण्यात झालंय, त्यामुळे पुण्यात अर्ज करता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने करायचं तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नाही. १९९१ च्या सुरेश्ता देवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की एका घरात राहूनही नवराबायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळंच. तुमचं जुलैपासून धरता येईल, तरीही जुलै २०२६ उजाडतो. त्यानंतर सहा महिन्यांचा थांबा. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून तो माफ होऊ शकतो, पण माफ होईलच असं गृहीत धरून तिकीट काढू नका.

थोडक्यात, तुमच्या जूनच्या तारखेला इथला निकाल काही पोचत नाही. न्यू जर्सीत मतभेदाच्या कारणावर घटस्फोट मिळतो, मतभेद सहा महिन्यांचे असावे लागतात आणि दोघांपैकी एकाचं तिथे वर्षभर वास्तव्य. दोन्ही तुमच्याकडे आहे. तिथेच करा.

फक्त एक जपा. परदेशातला एकतर्फी निकाल इथे टिकत नाही. १९९१ चाच नरसिंह राव निकाल आहे त्यावर. 'मतभेद' हे कारण आपल्या कायद्यात नाही, म्हणून दुसऱ्या बाजूची संमती कागदावर स्पष्ट आली पाहिजे. दोघांनी हजर होऊन, सह्या करून निकाल घेतलात तर उद्या तुम्ही किंवा त्याने पुण्यात दुसरं लग्न केलं तरी कुणी बोट दाखवणार नाही. माझ्याकडे महिन्यातून एक तरी जोडपं येतं ज्यांनी हे केलेलं नसतं, आणि मग अमेरिकेत घटस्फोटित आणि सदाशिव पेठेत विवाहित अशी अवस्था.

---

पर्वती७

मावसभावाला फोन केला. त्यांचा घटस्फोट झालाच नव्हता, नुसतं भांडण होतं. मागे घेतो.

---

दोन_बॅगा

किती आणि कसे आभार मानू. २४ फेब्रुवारीचं तिकीट काढलं. नवऱ्याला एवढंच लिहिलं की वकिलातर्फे बोलू. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आईला सगळं वाचून दाखवलं. आय-८६४ चं ऐकल्यावर ती उठून आत गेली आणि माळ्यावरून लग्नाची पिशवी काढून आणली. कार्यालयाची पावती, केटररचं बिल, केळवणांची यादी, आहेराची वही, सगळं जपून ठेवलंय तिने. वहीत सासूबाईंच्या अक्षरात त्यांच्याकडच्या नातेवाईकांची नावं आहेत. हे चालतं का? आणि भाषांतर मी स्वतः केलं तर चालेल का, की नोटरी लागतो?

---

शनिवारातली

धावत चालतं. वहीचं पहिलं पान आणि सासूबाईंच्या अक्षराचं पान, दोन्ही.

नोटरी लागत नाही. भाषांतर तू करू नकोस, बहीण किंवा मैत्रीण करू दे. खाली तिने लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मग नाव, सही, पत्ता, तारीख. मूळ कागद बॅगेत टाकू नकोस, खांद्यावरच्या पिशवीत ठेव. सगळ्याचे फोटो काढून आईच्या फोनवरही ठेव.

केटररचं बिल आधी करून घ्या. चारशे पानांचं आहे ना? त्यात 'मठ्ठा' आणि 'अळूचं फदफदं' असणार, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं यात तुमची एक अख्खी संध्याकाळ जाईल.